खाटेशेजारची खुर्ची

रुग्णालयातील वडीलधाऱ्या माणसाला पाहून आलेल्या नातेवाइकास आपण दोन ठरलेले प्रश्न विचारतो. ऑपरेशन कसे झाले, आणि घरी कधी सोडणार? या दोन प्रश्नांच्या मध्ये जे आठ-दहा दिवस असतात, त्यांत तो माणूस कसा निजून आहे, पाणी गिळताना त्याला ठसका लागतो का, सकाळी त्याचे तोंड कोणी धुतले, ही विचारपूस सहसा कोणी करीत नाही. मीही केली नव्हती. प्रस्तुत लेखामागे तेवढेच कारण आहे.

२०१६ च्या ऑगस्टमधील गोष्ट. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, तेव्हा ८२ वर्षांचे होते. जन्मभर शाळेत संस्कृत शिकविलेले, काटक प्रकृतीचे गृहस्थ. न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली व ती उत्तम झाली. डॉक्टरांनी एक्स-रे दाखविला, पट्टी आणि स्क्रू जागच्या जागी होते. आम्ही वॉर्डात पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट बाई त्यांना उठवून उभे करण्यास आल्या, तेव्हा मीच त्यांना म्हणालो, "आज राहू द्या, दमलेत ते. उद्या बघू." चौथ्या दिवशी अण्णा गुंगीत दिसू लागले. माझ्या पत्नीला त्यांनी आपल्या दिवंगत बहिणीच्या नावाने हाक मारली. जेवण नको म्हणाले. ताप नव्हता, खोकला नव्हता. भूल पुरती उतरली नसेल, वयही झाले आहे, वातात बोलत असतील, असा निष्कर्ष आम्ही घरच्या मंडळींनी एकमताने काढला आणि अमेरिकेतील धाकट्या भावाला फोनवर तसे कळवूनही टाकले.

रात्रपाळीच्या सिस्टर आल्या. पंचविशीच्या आतली मुलगी. तिने अण्णांची नाडी धरली, आणि नाडी पाहून झाल्यावरही हात न काढता त्यांच्या छातीकडे पाहत मिनिटभर उभी राहिली. "काका, आजोबांचा श्वास मिनिटाला बत्तीस चाललाय," ती म्हणाली. "आधी त्यांना बसतं करा." तासाभरात छातीचा एक्स-रे निघाला. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा झाला होता.

पहाटे डॉक्टरांनी विचारले, आजोबांना खायला-प्यायला कोण देते? मी म्हणालो, मीच. कसे देता? तेही सांगितले. चमच्याने, निजल्या निजल्या, कारण बसविले की त्यांचा खुबा दुखे. सकाळी चहा, दुपारी पेज, रात्री दूध. आणि कवळी? शस्त्रक्रियेपूर्वी काढलेली कवळी आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा बसविली होती, भेटायला येणाऱ्यांसमोर अण्णा बरे दिसावेत म्हणून. तेव्हापासून ती निघाली नव्हती. डॉक्टर पुढे काही बोलले नाहीत. अण्णा १९ दिवसांनी घरी आले. हाड सांधले, पण चालणे परतले नाही. सात महिन्यांनी ते गेले. त्यात त्या चमच्यांचा वाटा किती, हे मला कोणी सांगू शकत नाही आणि मीही आता कोणाला विचारत नाही.

न्यूमोनिया म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गारठा, पावसात भिजणे, छातीत साठलेला कफ आणि फणफणता ताप उभा राहतो. जंतू बाहेरून येतात, अशीही आपली समजूत असते. बाहेरून होणारा न्यूमोनिया असतोच. परंतु वृद्ध माणूस अन्य कारणाने रुग्णालयात दाखल होतो आणि तेथे त्याला न्यूमोनिया होतो, तेव्हा त्याचा उगम बहुतेक वेळा त्याच्याच तोंडात असतो. झोपेत थोडी लाळ श्वासनलिकेत उतरणे हे धडधाकट माणसातही घडते. त्याची खोकल्याची उबळ जागी असते आणि फुप्फुसे ती घाण निस्तरतात. म्हातारपणी गिळण्याची क्रिया मंदावते, खोकला क्षीण होतो. त्यात भर पडते ती झोपेच्या औषधांची, पाठीवर पडून राहण्याची आणि न धुतलेल्या तोंडाची. रुग्णालयात गेल्यावर दोन-चार दिवसांतच तोंडातील जंतूंची वस्ती पालटते आणि तेथील चिवट जंतू घशात ठाण मांडतात. दाखल झाल्यापासून ४८ तास उलटल्यावर उद्भवणाऱ्या न्यूमोनियाला वैद्यकशास्त्र रुग्णालयातून जडलेला मानते, ते याच कारणाने. आपल्या देशात या न्यूमोनियामागे क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास हे जंतू प्रामुख्याने आढळतात, आणि राखून ठेवलेली महागडी प्रतिजैविकेसुद्धा त्यांच्यापुढे उत्तरोत्तर निष्प्रभ ठरत असल्याचे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे अहवाल वर्षानुवर्षे बजावीत आहेत. म्हणजे हा न्यूमोनिया झाल्यावर बरा करणे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे. होऊ न देणे मात्र तुलनेने साधे आहे, आणि ते बऱ्याच अंशी खाटेशेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या हाती आहे.

हे माझे भाबडे मत नव्हे. जपानमध्ये ११ वृद्धाश्रमांतील ३६६ जणांवर दोन वर्षे केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या वृद्धांचे दात प्रत्येक जेवणानंतर सेवकवर्गाने घासून दिले आणि आठवड्यातून एकदा दंतवैद्यांनी तोंड तपासून स्वच्छ केले. उरलेल्यांचे नेहमीप्रमाणे चालू राहिले. दोन वर्षांत नेहमीच्या गटातील १९ टक्के वृद्धांना न्यूमोनिया झाला, निगा राखलेल्या गटात ११ टक्के. न्यूमोनियाने दगावलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे १६ आणि ७ टक्के होते. जपानमध्येच २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत, ८५ वर्षांवरील जी माणसे रात्री कवळी घालून झोपत, त्यांना न्यूमोनिया होण्याचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक आढळला. पुढे २०२३ च्या डिसेंबरात बोस्टनच्या संशोधकांनी रुग्णालयांतील १५ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. रोज ब्रशने दात घासलेल्या रुग्णांत रुग्णालयातील न्यूमोनिया सुमारे एकतृतीयांशाने कमी होता. हा लाभ सर्वांत स्पष्ट दिसला तो व्हेंटिलेटरवरील रुग्णांत. साध्या वॉर्डातील रुग्णांबाबत पुरावा अजून तोकडा आहे, हे प्रामाणिकपणे नमूद करायला हवे. पण ब्रशची किंमत आणि त्याचा अपाय या दोन्हींचा विचार करता, वाट पाहण्याचे काही कारण मला दिसत नाही.

येथे थोडे कटू बोलणे भाग आहे. चरक-वाग्भटांनी दिनचर्येत दंतधावनाला स्थान दिले, तेलाचे गंडूष सांगितले, जिभेची स्वच्छता सांगितली, हे आपण व्याख्यानांतून अभिमानाने सांगतो. ते सांगण्याजोगेच आहे. आणि त्याच आपल्या घरातला माणूस आजारी पडला की पहिली सुट्टी मिळते ती दात घासण्याला. "राहू दे आज, बरं नाहीये त्यांना" हे वाक्य प्रत्येक मराठी घरात उच्चारले गेले आहे. माझे वडील विद्यार्थ्यांना दिनचर्या या शब्दाचा समास सोडवून दाखवीत. त्यांच्या मुलाला त्यांच्या तोंडाची आठवण पाच दिवस झाली नाही.

सिस्टर कशासाठी असतात, असे कोणी विचारील. मी पाहिलेल्या वॉर्डात रात्री एका सिस्टरकडे पंधरा-वीस खाटा होत्या. सलाइन, इंजेक्शने, नोंदी आणि कोणाची तरी घरघर यांतून तिला प्रत्येक आजोबांचे दात घासायला वेळ कोठून मिळणार? मावशी आणि मामा अंथरूण बदलतात, बेडपॅन देतात. ब्यूरोतून रोजाने घेतलेला माणूस रात्रभर मोबाइल पाहत बसतो, कारण त्याला कोणी काही शिकविलेलेच नसते. पाश्चात्त्य देशांत नातेवाईक भेटीच्या वेळेत येतात आणि जातात. आपल्याकडे एक नातेवाईक चोवीस तास खाटेशी असतो, किंबहुना रुग्णालयच तसा आग्रह धरते. ही आपल्या कुटुंबव्यवस्थेची केवढी मोठी शक्ती आहे! पण त्या माणसाला आपण पासधारक पहारेकरी करून ठेवले आहे. त्याने औषधांची चिठ्ठी घेऊन खाली धावावे, बिल भरावे आणि आल्यागेल्यांना प्रकृती सांगावी. दाखल करून घेताना कागदांवर दहा सह्या घेतल्या जातात. त्यांच्या जोडीला मराठीतला एक कागद त्याच्या हाती का पडू नये?

त्या कागदावर फार लिहावे लागणार नाही. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर खाटेची डोक्याकडची बाजू उचललेली असावी. खाताना-पिताना रुग्ण शक्य तितका ताठ बसलेला असावा आणि नंतरही अर्धा तास तसाच राहावा. पूर्ण जागा नसलेल्या माणसाच्या तोंडात चमचा घालू नये, मग तो चमचा तीर्थाचा का असेना. घास लहान, आणि पहिला गिळल्याखेरीज दुसरा नाही. पाण्याने ठसका लागत असेल, पाणी प्यायल्यावर आवाज ओला किंवा घोगरा येत असेल, तर बळेच पाजणे थांबवून डॉक्टरांना सांगावे. पातळ पाणी हे दुबळ्या घशाला पेजेहून अवघड जाते, ही गोष्ट मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळली. गिळण्याची तपासणी करणारे वाचा-उपचारतज्ज्ञ मोठ्या शहरांत आता उपलब्ध असतात. ते केवळ तोतरेपणासाठी नसतात. नाकातून नळी घातली म्हणजे धोका टळला, असेही मानू नये. अन्न नळीने गेले तरी लाळ घशातूनच उतरते, आणि नळी असलेल्या रुग्णाचे तोंड तर कोणी पाहतसुद्धा नाही. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी.

आणि रुग्णाला उठवावे. आजारी माणसाने पडून राहावे, ही आपल्याकडची सद्भावना आहे. लंडनचे डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी १९४७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अंथरुणाला खिळण्याचे धोके अवयवागणिक मांडले होते, त्याला आता पाऊण शतक उलटून गेले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात साठीच्या पुढील निरोगी स्वयंसेवकांना १० दिवस केवळ अंथरुणात ठेवले, तर त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायू झडले. ते निरोगी होते. ८२ वर्षांच्या, हाड मोडलेल्या माणसाचे काय होत असेल? पडून राहिलेल्या माणसाची फुप्फुसे तळाशी नीट उघडत नाहीत, तेथे स्राव साचतो, आणि पुढचे काम जंतू करतात. फिजिओथेरपिस्टला "उद्या बघू" म्हणणारा मी एकटा नाही. श्वास आत ओढून तीन चेंडू वर उचलण्याचे ते प्लास्टिकचे यंत्र किती खाटांच्या शेजारी खणात पडलेले असते, हे कोणत्याही वॉर्डात जाऊन पाहावे.

न्यूमोनिया झालाच, तर तो ओळखायचा कसा? हा प्रश्न रुग्णालयापुरता नाही, घरच्यांनाही हवा असा आहे. वृद्धांच्या शरीराची प्रतिकाराची धग मंद झालेली असते. पुष्कळदा ताप येतच नाही, किंवा दुखण्यासाठी चालू असलेल्या पॅरासिटामॉलखाली तो झाकला जातो. खोकलाही नसतो. दिसते ते वेगळेच. काल बोलत होते, आज गप्प आहेत. जेवण अचानक सुटले. माणसे ओळखण्यात चूक होऊ लागली. अंथरूण ओले झाले. कारणाशिवाय तोल जाऊन पडले. यांतील प्रत्येक गोष्टीला "वय झालं" हे उत्तर आपल्या जिभेवर तयार असते. वय एका रात्रीत होत नाही. दोन दिवसांत बदललेला म्हातारा माणूस हा आजारी माणूस आहे, असे समजून वागावे. घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. निवांत असताना प्रौढ माणसाचे ते साधारण १२ ते २० असतात. पंचविशीकडे झुकले तर सकाळची वाट पाहू नये. करोनाच्या काळात घरोघरी आलेले ऑक्सिमीटर कपाटात असतील, त्यांत नवे सेल घालून ठेवावेत.

आधुनिक वैद्यकाच्या शिल्पकारांपैकी एक, सर विल्यम ऑस्लर यांनी आपल्या ग्रंथाच्या १८९८ सालच्या आवृत्तीत न्यूमोनियाला वृद्धांचा मित्र म्हटले. अल्पावधीत, फारसा त्रास न देता घेऊन जाणारा, या अर्थाने. त्याच ग्रंथाच्या १८९२ च्या पहिल्या आवृत्तीत मात्र त्यांनी त्याला वार्धक्याचा वैरी ठरविले होते. पुढे १९१९ च्या डिसेंबरात, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांचा स्वतःचा अंत याच आजाराच्या गुंतागुंतीने झाला, आणि तो अल्पावधीत झाला नाही. महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्या, परतीची वाट संपलेल्या माणसाच्या बाबतीत ऑस्लर यांचे दुसरे म्हणणे खरे असू शकते. अशा माणसाला व्हेंटिलेटरवर चढवायचे की नाही, हे त्याने शुद्धीत असताना सांगून ठेवावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली त्याला मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची पद्धत सुलभ केली. घरात हा विषय काढणे अशुभ नाही. परंतु खुब्याचे हाड बसवून चालत घरी जाण्यासाठी आलेल्या माणसाला हा मित्र नको असतो. तेथे तो आपल्या हलगर्जीपणामुळे आलेला पाहुणा असतो.

आता पैशाचे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण संरक्षण सुरू होते ते दाखल झाल्यावर. न्यूमोकोकस या जंतूवरील लस, दरवर्षीची फ्लूची लस, या ज्येष्ठांना स्वतःच्या खिशातून घ्याव्या लागतात आणि पैकी पहिलीची किंमत निवृत्तिवेतनधारकाला विचार करायला लावणारी आहे. लहान मुलांसाठी न्यूमोकोकसची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर पोहोचली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२० च्या डिसेंबरात देशी बनावटीची लस बाजारात आणली, याचा उल्लेख अभिमानाने करायला हवा. अमेरिकेत २००० सालापासून बालकांना ही लस दिली जाऊ लागली, तेव्हा आजी-आजोबांच्या वयाच्या, लस न घेतलेल्या माणसांतही या जंतूचे गंभीर आजार घटले. नातवंडाच्या नाकातील जंतू कमी झाले, म्हणून आजोबा वाचले. एकत्र कुटुंबाचे इतके रोकडे गणित दुसरे नसेल.

तथापि लसीला सर्वरोगहारी समजू नये. नेदरलँड्समध्ये ६५ वर्षांवरील सुमारे ८५,००० जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली आले. लसीतील प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया जवळपास निम्म्याने घटला, मात्र सर्व कारणांचा न्यूमोनिया एकत्र धरता ठळक फरक दिसला नाही. वॉर्डातल्या क्लेब्सिएलाला ही लस ठाऊकच नसते. तेव्हा लस घ्यावी, आणि खाटेची पाठही उचलावी.

२०११ च्या जनगणनेत देशात ६० वर्षांवरील माणसे ८.६ टक्के होती, महाराष्ट्रात ९.९ टक्के. तो आकडा आता जुना झाला आणि वाढलाच असणार. मुले बंगळुरू वा बोस्टनला, आणि पुण्या-नाशिकच्या फ्लॅटमध्ये दोघेच, हे चित्र आपल्या प्रत्येकाच्या परिचयाचे आहे. त्यांतला एक दाखल झाला की खुर्चीवर बसायलाही दुसऱ्या म्हाताऱ्यावाचून कोणी नसते. येथे शेजाऱ्याला आणि कार्यकर्त्याला काम आहे. आपल्याकडे गावोगावी रुग्णसाहित्य केंद्रे चालतात. वॉकर, कमोडची खुर्ची, बॅकरेस्ट, पाठ उचलणारी खाट अल्प दरात मिळते, आणि अनेक कुटुंबांना त्याचा आधार झाला आहे. पण बॅकरेस्ट देताना आपण अनामत रक्कम सांगतो, पावती फाडतो आणि परत कधी आणणार ते विचारतो. ते किती अंशांत लावायचे, जेवणानंतर किती वेळ ठेवायचे, हे सांगणारा कोणी केंद्रावर नसतो. गावातील एखाद्या निवृत्त सिस्टरना एका रविवारी बोलावून तासभराचा वर्ग घेता येईल. श्वास मोजणे, बसवून भरविणे, पूर्ण जागा नसलेल्या रुग्णाचे तोंड एका कुशीवर वळवून ओल्या, मऊ ब्रशने कसे स्वच्छ करायचे, एवढाच त्याचा अभ्यासक्रम. आणि अनामतीच्या पावतीला तो मराठीतला कागद टाचून द्यावा.